रूनलेख कसा वाचावा: रेघेपासून अर्थापर्यंत

मोबाइलवरचं ब्लूटूथचं चिन्ह म्हणजे दोन रून (उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं) एकमेकांवर चढवून केलेलं जोडाक्षर आहे: ‘ह’ आणि ‘ब’. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड ब्लोटान याची ती आद्याक्षरं. याच राजाने यूटलंडमधल्या येलिंग गावी उभारलेला दगड रून शिकणाऱ्यासाठी उत्तम धडा आहे, आणि पुढे तो आपण अक्षर-अक्षर सोडवणार आहोत. पण तिथवर पोचण्याआधी बरीच तयारी लागते, आणि नवशिके घसरतात ते या तयारीतच.

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांपासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत जर्मानिक भाषा बोलणाऱ्यांनी कंगवे, भाले, शिंगं, सोन्याची पदकं, लाकडी काठ्या आणि उभे दगड यांवर रून कोरले. ते वाचण्याचा क्रम ठरलेला आहे: वस्तू, रेघ, दिशा, रूनमाला (म्हणजे रूनांची वर्णमाला), लिप्यंतर, भाषा आणि सगळ्यात शेवटी अर्थ. अर्थ आधी मनात धरून त्याला अक्षरं जुळवत बसलं की काय होतं, ते दक्षिण स्वीडनमधल्या ब्लेकिंगे प्रांतातल्या रूनामो खडकावर दिसलं. त्यावरच्या रेघांना मध्ययुगापासून लोक लेख समजत आले होते. १८३०च्या दशकात फिन्नुर मॅग्नूसन या नामवंत अभ्यासकाने त्या उजवीकडून डावीकडे वाचून त्यातून अख्खी कविता काढली. १८४४ मध्ये वोर्सो या तरुण पुरातत्त्वज्ञाने सिद्ध केलं की त्या खडकाला पडलेल्या नैसर्गिक भेगा आहेत. मॅग्नूसनच्या विद्वत्तेत खोट नव्हती, त्याचा क्रम चुकला होता.

१. आधी वस्तू ओळखा

लेखाकडे वळण्यापूर्वी वस्तू काय आहे, कशाची आहे आणि कुठे सापडली हे लिहून काढा. त्यावरून मजकुराची लांबी आणि प्रकार यांचा अंदाज बांधता येतो.

डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या विमोसे दलदलीत सापडलेल्या हरणाच्या शिंगाच्या कंगव्यावर ‘हार्या’ हा एकच शब्द आहे. काळ साधारण इ.स. १६०. हे बहुधा माणसाचं नाव. नॉर्वेतल्या ओव्हरे स्ताबू इथल्या भाल्याच्या पात्यावर ‘राउनियाझ’ आहे, म्हणजे ‘पारखणारा’, हे त्या शस्त्राचंच नाव. म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या छोट्या वस्तूवर एक शब्द सापडला तर मालकाचं, कारागिराचं किंवा वस्तूचं नाव, या तीन शक्यता आधी तपासा. तिथे मंत्र शोधू नका.

डेन्मार्कमधल्याच इलेरूप दलदलीतल्या भाल्यांवर ‘वाग्नियो’ हे नाव एकाहून जास्त वेळा आलं आहे आणि त्यातलं एक ठशाने उठवलेलं आहे. ठसा म्हणजे तेच नाव पुन्हापुन्हा उमटवायची सोय. तेव्हा ही कार्यशाळेची खूण असावी, असा तर्क वस्तूवरूनच निघतो.

स्त्रियांच्या पोशाखातल्या पिनांवर, म्हणजे फिब्युलांवर, लेख बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो आणि पिन घडवून झाल्यावर टोकदार अवजाराने खरवडलेला असतो. तो जगाला दाखवायचा नव्हता. देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव आणि एखादी शुभेच्छा, एवढाच त्याचा पसारा. पाचव्या-सहाव्या शतकातली ब्रॅक्टिएट नावाची सोन्याची पातळ पदकं याच्या अगदी उलट. ती साच्याने उठवलेली असतात आणि पुष्कळदा साचा करणाऱ्याला स्वतःला अक्षरं येत नसावीत. रोमन नाण्यावरची लॅटिन अक्षरं आणि रून यांची सरमिसळ, गळालेली किंवा उलटी पडलेली अक्षरं हे तिथलं नेहमीचं दृश्य आहे. ब्रॅक्टिएटवर अर्थ लागला नाही तर दोष वाचणाऱ्याचाच असेल असं नाही.

उभ्या दगडावर मात्र वाक्य असतं, आणि व्हायकिंग काळात (साधारण आठवं ते अकरावं शतक) तर ते ठरलेल्या साच्यातलं असतं.

२. रेघ दिसली पाहिजे

सामान फार लागत नाही: अरुंद झोताची टॉर्च, तिपाई, हाताने एक्स्पोजर ठरवता येणारा कॅमेरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, सेंटिमीटरची पट्टी, पेन्सिल आणि कागद. सगळा खेळ प्रकाशाच्या कोनाचा आहे. समोरून पडलेल्या प्रकाशात खाच सपाट होऊन जाते. झोत पृष्ठभागाला जवळजवळ घासून, ५ ते १५ अंशांच्या कोनात टाका म्हणजे खाचेची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते. दगड उघड्यावर असेल तर संध्याकाळ पडल्यावर जा किंवा काळ्या कापडाचा आडोसा करा.

इथली सर्वांत सामान्य चूक म्हणजे एकाच बाजूने झोत टाकून फोटो काढणं. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या खाचेची सावलीच पडत नाही. डावीकडून झोत टाकला तर रूनाचे उभे दांडे ठसठशीत दिसतील, पण त्याच दिशेने जाणारी फांदी (दांड्याला जोडलेली तिरपी रेघ) गायब होईल, आणि फांदी गेली की ‘ल’चा ‘इ’ होतो. म्हणून कॅमेरा अजिबात न हलवता, एक्स्पोजर तेच ठेवून, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किमान आठ दिशांनी झोत टाका आणि प्रत्येक दिशेचा वेगळा फोटो काढा. संगणकावर हे फोटो एकामागून एक पालटले की खरी खाच आणि डाग यांतला फरक लगेच कळतो. डाग जागचा हलत नाही, सावली बाजू बदलते.

याचंच पुढचं रूप म्हणजे आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग). वस्तूशेजारी चकचकीत काळा गोळा ठेवायचा, दिवा वस्तूच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट अंतरावर धरायचा, ते अंतर कायम राखून घुमटाच्या आकारात ३० ते ६० ठिकाणांहून फोटो घ्यायचे. गोळ्यावरच्या चकाकीवरून सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी दिवा कुठे होता ते काढतं आणि मग पडद्यावर हवा तिथे झोत फिरवता येतो. मोठ्या दगडासाठी फोटोग्रॅमेट्री, म्हणजे अनेक फोटो जोडून त्रिमितीय प्रतिकृती करणं, बरी. तीत शेजारशेजारच्या फोटोंचा ६० ते ८० टक्के भाग एकमेकांवर यायला हवा.

ब्राह्मी किंवा देवनागरी शिलालेखांचे ठसे घेण्याची सवय असलेल्यांनी एक पथ्य पाळावं. ओला कागद ब्रशने ठोकून शाईचा ठसा घेण्याची आपल्याकडची पद्धत स्कँडिनेव्हियातल्या दगडांवर परवानगीशिवाय वापरू नये. खाचेत खडू भरणं, दगडफूल खरवडणं, पाणी मारून तारेच्या ब्रशने घासणं हे तर कायमचं नुकसान आहे. स्वीडनमधल्या पुष्कळ दगडांवर रून लाल रंगाने भरलेले दिसतात. तो रंग आधुनिक आहे आणि कुणीतरी केलेल्या वाचनानुसार भरलेला आहे. वाचायला तो सोयीचा, पण पुरावा म्हणून शून्य. तिरका प्रकाश टाकून रंगाखालची खाच तपासा.

मग प्रत्येक रेघेला प्रश्न विचारा: ही मुद्दाम केलेली आहे का? दगडावरची कोरीव रेघ टोच्याने ठोकलेली असते. तिला सुरुवात आणि शेवट असतो, तळ गोलसर असतो, खोली बरीचशी सारखी असते. नैसर्गिक भेग ओळीच्या वर-खाली निघून जाते, दुसऱ्या रेघांना न जुमानता पुढे सरकते आणि टोकाकडे निमुळती होत विरते. लाकडावरची सुरीची खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी असते. धातूवरच्या जुन्या खाचेच्या आतही गंज असतो; खाच चकाकत असेल तर ती खोदकामातल्या फावड्याची किंवा नंतर कुणी सफाई करताना उमटलेली.

रूनांचे आकार असे का, याचंही उत्तर लाकडात सापडतं. लाकडाच्या रेषा आडव्या धावतात. आडवी खाच त्यात हरवते आणि सुरी रेषेबरोबर घसरते. म्हणून उभा दांडा आणि तिरप्या फांद्या.

३. दिशा ठरवा

सुरुवातीच्या काळात लेख डावीकडून, उजवीकडून किंवा नांगरटीसारखा वळत जाणारा असू शकतो. दिशा शोधायची ती असमान आकाराच्या रूनांवरून. ‘फ’ (दांड्याच्या उजवीकडे वर जाणाऱ्या दोन फांद्या), ‘थ’ (दांड्याच्या मध्यावर त्रिकोणी पोट), ‘र’, ‘ब’, ‘ल’ हे घ्या. त्यांच्या फांद्या आणि पोटं ज्या बाजूला, त्या बाजूला वाचन सरकतं. ‘त’ (बाणासारखा), ‘इ’ (नुसता दांडा), ‘ग’ (फुली) हे दोन्हीकडून सारखेच, त्यांचा इथे उपयोग नाही. एखाददुसरा रून विनाकारण उलटा वळलेला असू शकतो, म्हणून बहुमताने ठरवा.

दिशा चुकली तर काय बिघडतं? व्हायकिंग काळातल्या रूनमालेत ‘न’ आणि ‘अ’ या दोघांनाही दांडा छेदणारी एक तिरपी रेघ असते. ‘न’मध्ये ती डावीकडून उजवीकडे उतरते, ‘अ’मध्ये चढते. आरशातल्यासारखं वाचलं की सगळे ‘न’ ‘अ’ होतात. आखूड फांद्यांच्या शैलीत ‘ल’ची फांदी माथ्याशी उजवीकडे आणि ‘त’ची डावीकडे; तिथेही अदलाबदल. आणि दगड उलटा धरला तर ‘म’ (माथ्याशी दोन फांद्या) आणि शब्दान्ती येणारा दुसरा ‘र’ (पायाशी दोन फांद्या) एकमेकांच्या जागी बसतात. एका दिशेने काही केल्या शब्द जुळत नसेल तर भाषेला दोष देण्याआधी दिशा पुन्हा तपासा.

छोट्या वस्तू हातात फिरवून पाहाव्या लागतात. बव्हेरियातल्या नॉर्डेनडॉर्फ इथल्या सहाव्या शतकातल्या पिनेवर ‘लोगाथोरे, वोदान, विगिथोनार’ अशा ओळी आहेत आणि दुसरा मजकूर त्यांच्या उलट बाजूने, डोकं खाली करून कोरलेला आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रँक्स पेटीच्या दर्शनी फळीवर कडेकडेने फिरणाऱ्या कवितेची खालची ओळ उजवीकडून डावीकडे, रून उलटे वळवून कोरली आहे. ही पेटी व्हेलच्या हाडाची, आठव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्या उजव्या बाजूच्या फळीवर तर स्वरांसाठी मुद्दाम वेगळीच चिन्हं वापरली आहेत. (ती मूळ फळी फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे.) पहिला सराव कुणी या पेटीवर करू नये.

स्वीडनच्या उपलंड भागातल्या अकराव्या शतकातल्या दगडांवर मजकूर सापाच्या अंगावरून फिरतो. सुरुवात बहुतेक वेळा सापाच्या डोक्याशी किंवा शेपटीशी असते. तीही सापडली नाही तर ‘स्तैन’ म्हणजे दगड हा शब्द कुठे दिसतो ते पाहा आणि तिथून मागे-पुढे चाला.

४. कोणती रूनमाला?

चार मोठे गट लक्षात ठेवा.

जुनी रूनमाला, २४ रून, सुमारे इ.स. ७०० पर्यंत. स्वीडनच्या गोटलंड बेटावरच्या क्यूल्व्हर गावी कबरीतल्या शिळेवर ती जवळजवळ संपूर्ण क्रमाने कोरलेली मिळाली आहे, इ.स. ४००च्या आसपासची. पहिल्या सहा रूनांवरून तिला ‘फुथार्क’ म्हणतात. या मालेतले लेख एकूण साधारण चारशेच आहेत आणि त्यांत एक-दोन शब्दांचेच पुष्कळ.

इंग्लंडची वाढवलेली माला, २८ ते ३३ रून. भाषेतले स्वर वाढले तशी चिन्हं वाढवली. थेम्स नदीत १८५७ मध्ये सापडलेल्या सुऱ्यावर २८ रूनांची अशी माला आहे.

स्कँडिनेव्हियाची नवी माला, अवघे १६ रून, आठव्या ते अकराव्या शतकातली. गंमत म्हणजे भाषेतले स्वर वाढत असताना इथे चिन्हं कमी झाली.

मध्ययुगीन टिंबवाले रून. सोळा रून अपुरे पडले तेव्हा ‘क’वर टिंब देऊन ‘ग’, ‘इ’वर टिंब देऊन ‘ए’ अशी सोय केली गेली. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १९५५च्या आगीनंतर ब्रिगेन धक्क्यावर जे खोदकाम झालं, त्यात या प्रकारचे सुमारे ६७० लेख निघाले. त्यातले बरेचसे काठ्यांवरचे: मालाच्या चिठ्ठ्या, पत्रं, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी. एका काठीवर लिहिलं आहे, ‘ग्यूदा म्हणते, तू घरी जा.’

ओळखायची युक्ती अशी. फुलीच्या आकाराचा ‘ग’ किंवा इंग्रजी ‘एम’सारखा दिसणारा ‘ए’ असेल तर नवी माला बाद. ‘ह’चे दोन दांडे एका आडरेघेने जोडलेले असतील तर बहुधा स्कँडिनेव्हिया, दोन आडरेघा असतील तर जर्मनी किंवा इंग्लंडकडचा लेख. सगळ्यांत फसवं चिन्ह म्हणजे चांदणी. व्हायकिंग काळात चांदणी म्हणजे ‘ह’. पण सहाव्या-सातव्या शतकातल्या ब्लेकिंगेच्या दगडांवर, स्टेन्टोफ्टेन आणि ब्योर्केटोर्प इथे, तीच चांदणी ‘अ’ आहे. माला न ठरवता चिन्ह वाचणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

टिंबं पाहून घाईने मध्ययुग ठरवू नका. शब्द तोडणारे ठिपके आणि रूनावरचं टिंब वेगळं. पहिले दोन रूनांच्या मधोमध येतात, दुसरं दांड्यावर किंवा पोटाच्या आत.

५. लिप्यंतर: देवनागरीत करताना

आता दिसेल तेच आणि तेवढंच लिहायचं. मराठीत काम करणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते. आपल्या व्यंजनात ‘अ’ दडलेला असतो, रूनात तो वेगळा कोरावा लागतो. ‘हरल्त’ असं लिहिलं तर कोरणाऱ्याने ‘अ’ किती वेळा कोरला हे कळायला मार्ग नाही. म्हणून या टप्प्यावर प्रत्येक रून सुटा लिहा, व्यंजनाला हलन्त द्या, स्वर पूर्ण लिहा आणि जोडाक्षरं करू नका: ह् अ र् अ ल् त् र्.

दोन वेगळ्या ‘र’साठी आपल्याकडे आयती सोय आहे. साध्या ‘र’ रूनाला र्, आणि जुन्या ‘झ’पासून आलेल्या शब्दान्तीच्या ‘र’ला ऱ्. हे दोन एकाच अक्षराने लिहिले तर कालनिर्णयाचा एक महत्त्वाचा धागा हातचा जातो. इंग्रजी ‘थिंक’मधल्या आवाजाच्या रूनाला थ्, आणि नासिक्य ‘अ’ला अँ.

खुणा अशा ठेवा. पुसट पण ओळखता येणाऱ्या रूनाखाली अभ्यासक ठिपका देतात. देवनागरीत त्याचा नुक्त्याशी गोंधळ होतो, म्हणून अधोरेखा द्या. पूर्ण नष्ट झालेला आणि तुम्ही अंदाजाने भरलेला भाग चौकटी कंसात. रून होता हे दिसतं पण कोणता ते कळत नाही, तिथे एक आडवी रेघ. किती गेले तेच कळत नाही, तिथे तीन टिंबं. दोन रून एकाच दांड्यावर असतील तर वर कमान काढून जोडरून दाखवा. हे सगळं करताना शब्दकोश मिटलेला असावा. शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्रपणे लिप्यंतर करून मग ताडून पाहावं. जिथे फरक पडतो तिथेच खरं काम आहे.

६. येलिंगचा मोठा दगड

दगड सुमारे अडीच मीटर उंच, काळ साधारण ९६५ ते ९८५. ओळी पुस्तकासारख्या आडव्या आणि डावीकडून उजवीकडे, माला सोळा रूनांची. सुरुवातीचा भाग असा (तिरपी रेघ म्हणजे जिथे ठिपके नाहीत तिथे वाचणाऱ्याने तोडलेला शब्द):

ह् अ र् अ ल् त् र् : क् उ न् उ क् ऱ् : ब् अ थ् : क् अ उ र् उ अ / क् उ ब् ल् : थ् अ उ स् इ : अ फ् त् : क् उ र् म् / फ् अ थ् उ र् / स् इ न्

इथे ‘कुनुकऱ’ आणि ‘कुर्म’ पाहून कोशात काहीच सापडणार नाही. सोळा रूनांच्या मालेचे चार नियम लावा.

एक: ‘क’ म्हणजे क किंवा ग, ‘त’ म्हणजे त किंवा द, ‘ब’ म्हणजे ब किंवा प. दोन: ‘उ’ म्हणजे उ, ओ, व किंवा त्यांच्या जवळचा स्वर, ‘इ’ म्हणजे इ, ए किंवा य. तीन: क-ग, त-द, ब-प यांच्या आधीचा अनुनासिक बहुधा लिहीतच नाहीत. चार: सारखे दोन आवाज लागोपाठ आले तर रून एकदाच कोरतात, मग ते एका शब्दाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात असले तरी.

आता पाहा. ‘कुर्म’मध्ये क=ग, उ=ओ: गोर्म. ‘कुनुकऱ’मध्ये पहिला उ=ओ, क=ग आणि त्याच्या आधीचा अनुनासिक गाळलेला: कोनुंगर, म्हणजे राजा. ‘कुबल’मध्ये ‘ब’आधीचा ‘म’ गाळलेला: कुम्ब्ल, म्हणजे स्मारक. ‘हरल्तर’मध्ये त=द: हाराल्ड. वाक्य झालं: ‘हाराल्ड राजाने हे स्मारक करवलं, आपले वडील गोर्म यांच्या...’ पुढे आई थ्यूरा हिचं नाव येतं, आणि मग ‘तो हाराल्ड, ज्याने स्वतःसाठी सगळा डेन्मार्क जिंकला’. तिथे देशाचं नाव त् अ न् म् अ उ र् क् असं आहे. दुसऱ्या बाजूला नॉर्वे. तिसऱ्या बाजूला, ख्रिस्ताच्या आकृतीखाली, ‘आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं’.

एक बारकावा डोळ्यांत भरावा असा आहे. ‘हरल्तर’च्या शेवटी साधा र्, ‘कुनुकऱ’च्या शेवटी ऱ्. दोन्ही प्रत्यय मुळात एकच. पण त-द सारख्या दंत्य व्यंजनांनंतर ऱ् आधीच र् मध्ये मिसळला होता, इतरत्र अजून टिकून होता. कोरणारा कानाला ऐकू येईल तसं लिहीत होता, आणि हजार वर्षांपूर्वीचा उच्चार त्यामुळे आपल्या हाती लागला.

या दगडाच्या खाचा त्रिमितीय स्कॅनने मोजून २०२३ मध्ये संशोधकांनी मांडलं की तो राव्हनुंगे-तूए या कारागिराने कोरला असावा. टोच्याचा कोन आणि ठोके देण्याची लय माणसागणिक वेगळी असते, त्यावरून हा निष्कर्ष काढला आहे.

उपलंडचे दगड यानंतर सोपे जातात, कारण साचा एकच: अमुक-तमुक ‘लित रैसा’ (उभारवला) ‘स्तैन थिनसा’ (हा दगड) ‘अफ्तिऱ’ (च्या स्मरणार्थ) अमुक ‘फाथुर सिन’ (आपल्या वडिलांच्या). ख्रिस्ती दगडांवर शेवटी ‘कुथ (म्हणजे देव) त्याच्या आत्म्याला साहाय्य करो’ असं येतं. आपल्या वीरगळांवर शब्द बहुधा नसतात, चित्रपट्टीच सगळं सांगते; इथे सांगायचं काम शब्द करतात. हे सहा-सात शब्द पाठ केले की दगडाचा निम्मा मजकूर दिसताक्षणी उलगडतो आणि कष्ट फक्त नावांपुरते उरतात.

७. जुनी भाषा: गालेहूसचं शिंग

जुन्या मालेत एका आवाजाला बरंचसं एकच चिन्ह, त्यामुळे लिप्यंतर सोपं. पण भाषा दूरची. डेन्मार्कमध्ये १७३४ साली सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर काठालगत ३२ रून होते:

एक ह्लेवागास्तिझ होल्तियाझ होर्ना तावीदो

‘मी ह्लेवागास्ति, होल्तचा, शिंग घडवलं.’ क्रियापद शेवटी, कर्म त्याच्या आधी, मराठी माणसाला हा क्रम घरचाच वाटेल. ‘-आझ’, ‘-इझ’ हे प्रथमेचे प्रत्यय पूर्ण शाबूत आहेत. पुढे स्वर झिजून ‘गास्तिझ’चं ‘गेस्त्र’ झालं. प्रत्ययातला स्वर टिकला आहे की गळला, यावरून लेख सहाव्या शतकाच्या आधीचा की नंतरचा याचा ढोबळ अंदाज येतो. ‘होल्तियाझ’ हे ‘होल्तचा मुलगा’ की ‘रानातला’ यावर मतभेद आहेत. अशा वेळी दोन्ही अर्थ नोंदवा, एक निवडून दुसरा दडपू नका.

१८०२ मध्ये हे शिंग चोरीला गेलं आणि चोराने ते वितळवलं. आज आपण वाचतो ती चित्रं. त्यांत शेवटचा ‘तावीदो’ हा शब्द एकेरी रेघेत आणि बाकीचे रून दुहेरी रेघेत आहेत. चित्रावरून वाचन केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

८. मंत्र, बनावट आणि काळ

‘आलू’, ‘लाउकाझ’, ‘लाथू’ हे शब्द ब्रॅक्टिएटांवर आणि इतरत्र पुन्हापुन्हा येतात आणि त्यांना काही विधीचा संदर्भ असावा. पण त्यावरून न समजलेला प्रत्येक लेख मंत्र ठरवू नका. ‘मंत्र’ हे वाचनाचं फलित असू शकतं, वाचन फसल्याची सबब असू नये.

बनावट लेखात सहसा मालांची खिचडी असते: पुस्तकातला तक्ता समोर ठेवून घेतलेले आकार, वेगवेगळ्या शतकांतले एकाच ओळीत. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १८९८ साली पुढे आलेल्या केन्सिंग्टन दगडावर १३६२ हे वर्ष आहे, पण त्याची भाषा आणि रूनांचे काही आकार एकोणिसाव्या शतकातले आहेत. उलटही घडतं. जर्मनीतल्या वेझर नदीतून १९२०च्या दशकात आलेली कोरीव हाडं बराच काळ खोटी मानली जात होती; नंतरच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत त्यातली काही खरी ठरली. तेव्हा निकाल खाचेच्या आणि पृष्ठभागाच्या तपासणीवर द्यावा.

दगडाचं स्वतःचं वय कार्बन पद्धतीने काढता येत नाही. नॉर्वेतल्या स्विंगेरूड इथला दगड २०२१ मध्ये कबरीतून निघाला, तिथल्या कोळशावरून आणि हाडांवरून त्याचा काळ इ.स. १ ते २५० या टप्प्यात बसवता आला. संदर्भ हरवलेल्या वस्तूसाठी ही वाट बंद असते.

९. नोंद

लेखाला आधीच क्रमांक आहे का पाहा. उपसाला विद्यापीठाचा रूनिक डेटाबेस सर्वांना खुला आहे. उपलंडचे दगड ‘यू’ने, डेन्मार्कचे लेख ‘डीआर’ने नोंदतात, येलिंगचा मोठा दगड डीआर ४२. तुमच्या नोंदीत वस्तू, मोजमापं, रूनांची उंची मिलिमीटरमध्ये, दिशा, माला, सुटं लिप्यंतर, जोडलेला पाठ, भाषांतर आणि शंका या क्रमाने वेगवेगळ्या ओळी ठेवा. जुन्या वाचनाशी तुमचं वाचन जुळत नसेल तर नेमक्या कोणत्या रूनात, कोणत्या रेघेत आणि कोणत्या प्रकाशात, ते सांगा. फोटोचा क्रमांकही द्या.

स्कँडिनेव्हियात राहणाऱ्या किंवा फिरणाऱ्या कुणाला कोरीव वस्तू सापडलीच तर ती पुसू-धुऊ नका, जागेचा फोटो आणि जीपीएस नोंद घेऊन स्थानिक संग्रहालयाला कळवा. डेन्मार्कमध्ये अशी मौल्यवान वस्तू कायद्याने सरकारजमा होते आणि शोधणाऱ्याला मोबदला मिळतो. स्वीडनमध्ये मेटल डिटेक्टर वापरायलाच परवाना लागतो. ओल्या मातीतून लाकूड निघालं तर ते उन्हात वाळवू नका. त्याच मातीसकट, त्याच ओलीत, हवाबंद पिशवीत ठेवून थंड जागी न्या. भिजलेलं लाकूड वाळताना आकसतं आणि चिरतं, आणि सुरीची खाच त्या चिरांमध्ये हरवली की ती पुन्हा वेगळी काढता येत नाही.